दर हिवाळ्यात तेच: बॉयलर चालू, तरी रेडिएटर गार

ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं तासभर मागे जातात आणि ब्रिटनमधल्या आपल्या मराठी घरांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागते. बॉयलर चालू आहे, आवाज येतोय, गॅसचं बिलही चढतंय, पण घर काही तापत नाही. कुणाकडे वरच्या मजल्यावरचे रेडिएटर गार, कुणाकडे फक्त बैठकीच्या खोलीतला. मग कुणीतरी सांगतं, रेडिएटरमधली हवा काढा. हवा काढली की प्रेशर उतरतं, म्हणून पाणी भरलं जातं. दोन आठवडे बरं चालतं आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

हे सगळं लिहितेय ते या ‘पुन्हा पहिल्यापासून’साठी. हवा काढणं आणि पाणी भरणं ही ताप उतरवायची गोळी आहे. वर्षातून एकदा लागली तर काळजीचं कारण नाही. दर पंधरवड्याला लागत असेल तर ताप कशामुळे येतोय ते शोधलंच पाहिजे. कारण इथे ही गोळी स्वतःच आजार वाढवते.

ते कसं, हे समजायला या व्यवस्थेत पाणी कसं फिरतं ते माहीत हवं. भारतातून नव्याने आलेल्यांना बॉयलर म्हणजे मोठा गिझर वाटतो. पण रेडिएटरमधलं पाणी नळाला येत नाही. ते एका बंद चक्रात वर्षानुवर्षं तेच फिरत राहतं: बॉयलरमध्ये तापतं, पंप त्याला पाइपांतून ढकलतो, रेडिएटरमध्ये ते उष्णता सोडतं आणि परत येतं. नळाच्या ताज्या पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. तो पोलादी रेडिएटरला आतून गंज चढवतो आणि त्यात संपून जातो. प्राणवायू संपला की गंजही मंदावतो. म्हणजे जुनं, न बदललेलं पाणी या यंत्रणेला मानवतं. आपण दर थोड्या दिवसांनी ताजं पाणी भरत राहिलो, तर दर वेळी गंजाला नवा प्राणवायू मिळतो. त्या गंजाचा काळा गाळ होतो, गाळ रेडिएटरच्या तळाशी बसतो आणि घर आणखी गार पडतं. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये पाणी जड आहे, त्यामुळे तिथे ताज्या पाण्याबरोबर क्षारही येतात आणि बॉयलरच्या आत थर धरतात. बॉयलरमधून किटली उकळल्यासारखा खळखळाट येऊ लागला तर बहुतेक वेळा हा थर किंवा गाळच त्याला कारण असतो. मँचेस्टर किंवा ग्लासगोकडे पाणी मृदू, तिथे क्षारांचा त्रास कमी. गंज मात्र सगळीकडे सारखाच.

आधी हद्द ठरवा

बॉयलरचं पुढचं झाकण आपण उघडायचं नाही. गॅसचं काम करायला कायद्याने ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेला माणूसच लागतो. २००९ च्या एप्रिलपासून जुन्या ‘कॉर्गी’ नोंदणीच्या जागी ही नोंदणी आली. त्या माणसाच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला त्याला कोणकोणती कामं करता येतात ते छापलेलं असतं. ते बघायला मागण्यात संकोच वाटू देऊ नका. गॅसचा वास आला तर दारं-खिडक्या उघडा, दिव्याची बटणं चालू-बंद करू नका, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करा. बॉयलर चालू असताना घरातल्या अनेकांचं डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, असं असेल तर तो कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नसतो. बॉयलर बंद करा, बाहेर पडा, याच नंबरवर फोन करा आणि डॉक्टरांना दाखवा. घरात या वायूचा अलार्म नसेल तर बाकीचं वाचण्याआधी तो मागवा.

झाकणाच्या बाहेरचं बरंच काही मात्र आपल्याला बघता येतं. किंबहुना ते आपणच बघायला हवं, कारण इंजिनिअर तासभरासाठी येतो आणि दोष दिवसभर थोडाथोडा दिसत असतो.

घर हाताने तपासा

हीटिंग पूर्ण बंद करून घर गार होऊ द्या. मग सगळ्या रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, थर्मोस्टॅट २५ वर न्या आणि चालू करा. आता वही घेऊन घरभर फिरा. कोणता रेडिएटर आधी तापला, कोणता शेवटी, कोणता तापलाच नाही ते लिहा. प्रत्येकाला वर, खाली, दोन्ही टोकांना आणि मधोमध हात लावा. पाइप आणि रेडिएटर चटका बसण्याइतके तापू शकतात, तेव्हा जपून. हे अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे आणि बहुतेक वेळा निम्मं उत्तर त्यातच मिळतं.

रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल तर आत हवा किंवा वायू साठलाय. दोन्ही कडा आणि वरची बाजू गरम, पण खाली मधोमध गार, तर तो गाळ. या दोन्हींची गल्लत फार होते आणि लोक गाळ भरलेल्या रेडिएटरची हवा काढत बसतात. एकच रेडिएटर पूर्ण गार आणि बाकी सगळे छान, तर त्याचा व्हॉल्व्ह अडकलाय. बॉयलरजवळचे कडक आणि लांबचे कोमट, तर पाण्याची वाटणी बिघडली आहे किंवा पंप थकलाय. सगळेच सारखे कोमट, तर दोष रेडिएटरांचा नाही, बॉयलरच्या किंवा नियंत्रणाच्या बाजूला शोधा. बॉयलरमधून बाहेर पडणारा पाइप पोळतोय, परत येणारा गार आहे आणि बॉयलर मिनिटा-दोन मिनिटांत विझतो, पुन्हा पेटतो, पुन्हा विझतो, तर पाणी फिरतच नाहीये. पंप किंवा तुंबलेला मार्ग, दोहोंपैकी एक.

वरचा मजला गार आणि खालचा गरम, असं असेल तर आधी तुमची व्यवस्था कोणत्या जातीची आहे ते बघा. बॉयलरवर प्रेशरचा काटा किंवा आकडा असेल तर ती बंद व्यवस्था. कॉम्बी बॉयलर, म्हणजे टाकीशिवाय नळाचं पाणीही लागेल तेव्हा तापवून देणारे, याच प्रकारात येतात. जुन्या घरांत गरम पाण्याची तांब्याची टाकी कपाटात आणि एक लहान टाकी माळ्यावर असते. ती उघडी व्यवस्था, तिथे प्रेशर बघायचं नसतं. त्या घरी माळ्यावर चढून लहान टाकीत पाणी आहे का ते पाहा. तिचा फ्लोट वर्षानुवर्षं न हलता अडकतो, टाकी कोरडी पडते आणि वरचे रेडिएटर रिकामे होतात. टाकीतलं पाणी गरम लागलं तर पंप पाणी वरच्या पाइपातून टाकीत उलटं ढकलतोय. तसं होत असताना पाणी सतत हवा शोषतं आणि रेडिएटर आतून झपाट्याने गंजतात. ते इंजिनिअरला आवर्जून सांगा.

हवा काढताना

हीटिंग बंद, रेडिएटर गार. चालू पंप उलट हवा आत ओढू शकतो. खालच्या मजल्यापासून सुरुवात करून वर जा. वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी टोकाला चावी लावून पाव ते अर्धा फेरा डावीकडे फिरवा, जास्त नाही. खाली फडकं धरा, कारण येणारं पाणी काळं असू शकतं आणि गालिच्यावरचा तो डाग जात नाही. फुसफुस थांबून पाणी आलं की बंद करा. सगळं झाल्यावर प्रेशर बघा.

एक खूण लक्षात ठेवा. प्रेशर उतरत नाहीये, कुठे गळत नाहीये, तरी एखाद्या रेडिएटरच्या वरच्या बाजूला पुन्हा पुन्हा वायू साठतोय, तर ती बाहेरून आलेली हवा नसेल. आत गंज चढताना हायड्रोजन सुटतो, तो असावा. हायड्रोजन पेट घेतो, त्यामुळे हवा काढताना जवळ काडी, मेणबत्ती, उदबत्ती काही नको. आणि असा वायू वारंवार निघत असेल तर चावी बाजूला ठेवून पाण्याकडे वळा. पाण्यातला गंजरोधक, म्हणजे गंज रोखायला त्यात घालतात ते रसायन, संपलाय.

प्रेशर कुठे जातं?

बहुतेक घरांतला खरा दोष इथे असतो, म्हणून इथे वेळ द्या.

गार असताना काटा १ ते १.५ बारच्या मध्ये हवा. तापल्यावर तो थोडा चढतो, साधारण २ च्या आत राहतो आणि गार झाल्यावर मूळ जागी येतो. एकदा पाणी भरून १.२ वर आणा आणि पुढचा आठवडाभर सकाळी हीटिंग सुरू होण्याआधी आणि संध्याकाळी पूर्ण तापल्यावर मोबाइलवर काट्याचा फोटो काढा. सात दिवसांचे फोटो एका ओळीत पाहिले की दोष स्वतःहून दिसतो.

तापल्यावर काटा ३ कडे धावत असेल आणि गार झाल्यावर शून्याच्या जवळ येत असेल, तर विस्तार टाकी गेली. ही बॉयलरच्या आत असलेली लहान टाकी. तिच्यात रबरी पडद्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी असतं. १० अंशांचं पाणी ८० अंशांपर्यंत तापलं की जवळजवळ ३ टक्क्यांनी फुगतं. घरातल्या चक्रात १०० लिटर पाणी असेल तर हे जवळपास ३ लिटर झाले. त्यांना जागा देण्याचं काम या टाकीतली हवा करते. हवा निघून गेली किंवा पडदा फाटला की फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही. ३ बारला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि ते पाणी घराबाहेर सोडतो. रात्री घर गार होतं, पाणी आकसतं, आणि सकाळी काटा खाली. तुम्ही पुन्हा भरता, संध्याकाळी पुन्हा बाहेर जातं. म्हणजे रोज ताजं पाणी, रोज नवा गंज.

याची खात्री करायला बाहेरच्या भिंतीवर बॉयलरच्या मागच्या बाजूला तांब्याचा एक पाइप शोधा. त्याचं तोंड बहुधा भिंतीकडे वळवलेलं असतं. त्याला एक प्लास्टिकची पिशवी सैल बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी तिच्यात पाणी दिसलं तर प्रेशर तिथूनच जातंय. हॅरोमधल्या एका ओळखीच्या काकूंकडे फरशी उखडून गळती शोधायचं कोटेशन आलेलं होतं, आणि पाणी या पाइपातून भिंतीवर ओघळत होतं. भिंतीवरची हिरवट ओल त्यांना पावसाची वाटत होती. फरशीला कुणी हात लावण्याआधी ही पिशवी बांधाच.

विस्तार टाकीत पुन्हा हवा भरता येते, पडदा फाटला असेल तर टाकी बदलावी लागते. काही बॉयलरना बाहेर वेगळी टाकीही जोडून देतात. हे काम इंजिनिअरचं. मात्र त्याला एक विचारा: सुरक्षा व्हॉल्व्हही बदलणार का? हा व्हॉल्व्ह गढूळ पाण्यावर एकदा उघडला की त्याच्या बैठकीत कचरा अडकतो आणि तो नीट मिटत नाही. टाकी दुरुस्त होऊनही थेंब-थेंब गळत राहतं आणि लोकांना वाटतं दुरुस्ती फुकट गेली.

दुसरा प्रकार: काटा तापण्या-गार होण्याशी संबंध न ठेवता रोज थोडा थोडा उतरतो. ही गळती. गरम पाइपावरचं पाणी वाळून जातं, म्हणून डबकं दिसत नाही. तांब्याच्या सांध्यांवर पांढरा किंवा हिरवा थर, व्हॉल्व्हखाली गंजाची रेघ, टॉवेल रेलच्या खालच्या नटावर ओल, हे बघा. प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू ठेवून रात्रभर सोडा.

काहीच सापडलं नाही तर आणखी एक युक्ती आहे. रात्री हीटिंग आणि बॉयलर दोन्ही बंद करा आणि बॉयलरखालचे हीटिंगचे दोन व्हॉल्व्ह, जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाइपाचे, बंद करा. ते कडक असतील तर जोर लावू नका, जुने व्हॉल्व्ह तिथेच गळू लागतात. सकाळी काटा उतरलेला असेल तर दोष बॉयलरमध्ये. काटा जागच्या जागी असेल आणि व्हॉल्व्ह उघडल्याबरोबर पडला, तर घरातल्या पाइपांत. काँक्रीटच्या जमिनीत पुरलेले तांब्याचे पाइप काही घरांत हळूहळू खातात, आणि अशा जागी जमिनीचा एखादा तुकडा उगाचच ऊबदार लागतो. तशी जागा अनवाणी चालून शोधता येते. गळती बुजवणारं द्रावण बाजारात मिळतं. ते अगदी शेवटी वापरावं असं माझं मत आहे, आणि इंजिनिअरला न विचारता तर कधीच नाही.

तिसरा प्रकार उलटा: काटा आपोआप वर चढतो. पाणी भरायची जाळीदार नळी, म्हणजे फिलिंग लूप, नीट बंद नसेल तर नळाचं पाणी सतत आत झिरपतं. दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद करा आणि नळी काढून ठेवा. नियमाप्रमाणे ती कायम जोडलेली असूच नये. नळी काढूनही काटा चढतोच आहे तर कॉम्बीमध्ये नळाचं पाणी तापवणाऱ्या प्लेटला छिद्र पडलं असण्याची शक्यता मोठी. मग मुख्य पाइपलाइनचं जोरदार पाणी हीटिंगच्या चक्रात शिरतं.

पाणी भरताना व्हॉल्व्ह सावकाश उघडा, १.२ ला थांबा. जास्त भरलं तर जास्त ऊब मिळते, हा समज चुकीचा आहे.

गाळ

खाली मधोमध गार असलेल्या रेडिएटरचं पाणी काचेच्या बरणीत घ्या, हवा काढायच्या टोकातून थोडं आलं तरी पुरे. स्वच्छ किंवा फिकट असेल तर उत्तम. काळं असेल तर बरणीला बाहेरून फ्रिजचं लोहचुंबक लावून फिरवा. काळे कण चुंबकामागे सरकले तर तो मॅग्नेटाइट, लोखंडाचाच काळा ऑक्साइड. गंजरोधक उरलाय का ते बघायला दोन बरण्या घ्या, एकीत यंत्रणेचं पाणी, दुसरीत नळाचं, दोन्हींत एकेक साधा लोखंडी खिळा. काही दिवसांनी दोन्ही खिळे सारखेच गंजले तर पाण्यात संरक्षण नाही.

एक-दोनच रेडिएटर भरले असतील तर ते काढून अंगणात नेऊन बागेच्या नळीने धुणं हा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय आहे. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायचे आणि लॉकशील्ड, म्हणजे टोपीखालचा दुसरा व्हॉल्व्ह, किती फेऱ्यांत बंद झाला ते लिहून ठेवायचं. खाली उथळ भांडं आणि भरपूर जुनी फडकी. पाण्याने भरलेला दुहेरी रेडिएटर एकट्याने उचलायचा नाही. जमत नसेल तर प्लंबर तासाभरात करून देतो.

सगळं घरच भरलं असेल तर आधी स्वच्छ करणारं रसायन काही काळ फिरवून पाणी काढून टाकतात, किंवा पॉवरफ्लश करतात, म्हणजे यंत्राने जोरात पाणी सोडून सगळं चक्र धुतात. पॉवरफ्लश महाग आहे आणि दर वेळी गरजेचा नाही. अगदी जुने, गंजून पातळ झालेले रेडिएटर आणि ८-१० मिलिमीटरचे बारीक पाइप असलेल्या घरांत तो करण्याआधी दोन जणांचं मत घ्या. काहीही केलं तरी शेवटी गंजरोधक घातला गेलाच पाहिजे, आणि परत येणाऱ्या पाइपावर चुंबकी फिल्टर असायला हवा. तो दर वर्षीच्या सर्व्हिसला उघडून धुवायचा असतो. सर्व्हिसला आलेल्या माणसाने तो उघडला का, हे तिथे उभं राहून बघा.

नवीन बॉयलर घ्यायला सांगितलं जात असेल तर या गाळाचं काय करणार ते आधी विचारा. गाळ तसाच ठेवून बसवलेला नवा बॉयलर त्याच गाळाने खराब होतो, आणि पाणी स्वच्छ नसल्यास बहुतेक कंपन्यांची हमीही धोक्यात येते.

एकच रेडिएटर हट्टी

रेडिएटरवर १ ते ५ आकड्यांची जी मूठ असते तिच्याखाली एक बारीक खिळी असते. उन्हाळाभर मूठ बंद ठेवली की खिळी दाबलेल्या अवस्थेत अडकते आणि ऑक्टोबरमध्ये मूठ कितीही फिरवली तरी उठत नाही. मूठ सोडवून काढा. खिळीला बोटाने किंवा नाण्याने दाबा. ती दबून परत वर यायला हवी. अडकली असेल तर थोडं सिलिकॉन स्प्रे मारा, व्हॉल्व्हच्या बाजूला हलकेच ठोका आणि दाबत-सोडत राहा. पकडीने वर ओढू नका, ती निघून आली तर पाण्याचा फवारा उडेल. पुढच्या उन्हाळ्यात मुठी पूर्ण उघड्या ठेवा, हीटिंग तर बंदच असतं.

खिळी मोकळी आहे तरी गार, तर दुसऱ्या टोकाचा लॉकशील्ड बघा. रंगकाम करणाऱ्यांनी रेडिएटर उतरवताना तो बंद केलेला असतो आणि परत उघडायचा राहतो.

जवळचे कडक आणि लांबचे कोमट, यावर उपाय लॉकशील्डनेच. सर्वांत आधी तापणाऱ्या रेडिएटरचा लॉकशील्ड पूर्ण बंद करून पाव फेरा उघडा, त्याच्या पुढच्याचा थोडा जास्त, असं करत सर्वांत लांबचा पूर्ण उघडा ठेवा. प्रत्येक बदलानंतर अर्धा तास थांबा. चिकाटीचं काम आहे, पण पैसे लागत नाहीत आणि बंद वाटणाऱ्या खोल्या जाग्या होतात.

सगळेच कोमट

२०२२ मध्ये गॅस महागला तेव्हा बॉयलरच्या पाण्याचं तापमान कमी करा असा सल्ला सगळीकडून मिळाला. सल्ला योग्य होता: परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णता पकडतो. पण त्यालाही खालची मर्यादा आहे. रेडिएटरची छापील क्षमता आतलं पाणी सरासरी ७० अंशांवर आणि खोली २० वर धरून मोजतात. पाण्याची सरासरी ५० वर आली की तोच रेडिएटर निम्मीच उष्णता देतो. नोव्हेंबरात ते पुरतं, जानेवारीत पुरत नाही. कॉम्बी असेल तर ६० वर न्या, कडक थंडीत ६५ वर, आणि दोन दिवस बघा. गरम पाण्याची टाकी असलेल्यांनी टाकीतलं पाणी ६० अंशांच्या खाली ठेवू नये, लेजिओनेला जिवाणू वाढतात. म्हणून त्यांचा बॉयलर त्याहून थोडा वर हवा.

नळाला कडक पाणी येतंय पण रेडिएटर एकही तापत नाही, तर आधी थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या बदला. तरीही नाही, तर कॉम्बीमधला दिशा बदलणारा व्हॉल्व्ह नळाच्या बाजूला अडकला असेल. उन्हाळ्यात हीटिंग बंद असताना आंघोळीच्या वेळी रेडिएटर कोमट होत असतील तर तोच व्हॉल्व्ह झिरपतोय, म्हणजे हिवाळ्यात त्रास देण्याची ती आगाऊ सूचना. टाकीच्या घरात हे काम कपाटातला मोटरचा व्हॉल्व्ह करतो.

आणि थर्मोस्टॅट कुठे आहे ते बघा. तो फक्त आपल्या जागेची हवा ओळखतो. स्वयंपाकघर आणि बैठक एकत्र असलेल्या घरांत संध्याकाळी पोळ्यांचा तवा आणि कुकर चालू असतो, थर्मोस्टॅट २१ अंश झाले म्हणून बॉयलर बंद करतो आणि वर अभ्यास करणारी मुलं कुडकुडतात. त्याच्याखाली देवघर मांडून समई लावली तरी हेच होतं. दोष यंत्राचा नाही. बिनतारी थर्मोस्टॅट असेल तर उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा. ज्या खोलीत थर्मोस्टॅट आहे तिथल्या रेडिएटरची मूठ पूर्ण उघडी ठेवा, नाहीतर ती खोली कधीच तापत नाही आणि बॉयलर थांबत नाही. सोफा रेडिएटरला चिकटलेला असेल, त्यावर ओले कपडे वाळत असतील, तर ऊब तिथेच अडते आणि खिडक्यांवर ओल धरते.

कडाक्याच्या थंडीत अचानक बंद

रात्री पारा शून्याच्या खाली गेला, सकाळी बॉयलर बंद, आणि आत बुडबुड आवाज. बॉयलरमध्ये तयार होणारं पाणी बाहेर सोडणारा पांढरा प्लास्टिकचा पाइप गोठलाय. २०१० च्या डिसेंबरात देशभर हेच झालं होतं. त्या पाइपावर कोमट पाणी ओता किंवा गरम पाण्याची पिशवी धरा, उकळतं पाणी नको, पाइप तडकतो. मग रीसेट करा. दर वर्षी होत असेल तर बाहेरचा भाग ३२ मिलिमीटरच्या पाइपाने बदलून घ्या, उतार नीट ठेवा आणि त्यावर आवरण चढवा. २१.५ मिलिमीटरचा बारीक पाइप बाहेर उघड्यावर असेल तर तो गोठणारच.

भाड्याच्या घरात

विद्यार्थी आणि नव्याने आलेली कुटुंबं घरमालकाला सांगायला बिचकतात आणि इलेक्ट्रिक हीटरवर हिवाळा काढतात. इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या ११ व्या कलमाने (वेल्समध्ये हे कलम २०२२ पर्यंत लागू होतं) हीटिंग आणि गरम पाणी दुरुस्त ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे, आणि गॅसची तपासणी दर वर्षी करून त्याचा दाखला भाडेकरूला द्यावा लागतो. तोंडी सांगू नका, ईमेल लिहा. काट्याचे तारखेसह फोटो, कोणता रेडिएटर कुठे गार आहे, किती वेळा पाणी भरावं लागलं, हे सगळं त्यात घाला. तो दाखला सुरक्षिततेचा असतो, घर तापतंय याचा नव्हे. ‘गॅस तपासणी झाली आहे’ या उत्तरावर गप्प बसू नका. आणि व्हॉल्व्ह बंद करणं किंवा रेडिएटर काढणं हे वरचे प्रयोग मालकाच्या लेखी परवानगीशिवाय करू नका. काटा बघणं, मुठी फिरवणं आणि पिशवी बांधणं चालतं.

इंजिनिअर आल्यावर

‘घर तापत नाही’ एवढंच सांगितलं तर तोही हवा काढून, पाणी भरून, पैसे घेऊन जाईल. त्याला फोटो दाखवा. ‘गार असताना १.२, तापल्यावर २.८, बाहेरच्या पाइपाला पाणी’ हे एक वाक्य ऐकलं की तो थेट विस्तार टाकीकडे जातो. बरणीतलं पाणी दाखवा. काम झाल्यावर गंजरोधक किती आणि कधी घातला ते बॉयलरजवळ चिकटपट्टीवर लिहून घ्या. त्याची पातळी दर वर्षी तपासायची असते. तो निघायच्या आधी हीटिंग एकदा पूर्ण तापवून काटा कुठे जातो ते दोघांनी मिळून बघा, आणि फिलिंग लूपचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना, त्यांना हात लावून खात्री करा.